कॉलेज आमचेही होते

‘आमच्या कॉलेजात असला भेदभाव नव्हता.’ १९६० आणि ७० च्या दशकांत पुण्या-मुंबईत, नागपुरात, मिरजेत शिकलेली आणि पुढे बर्मिंगहॅमच्या परिसरात स्थायिक झालेली मंडळी एकत्र बसली, की हे वाक्य हमखास ऐकू येते. म्हणणारे बहुधा पुरुष असतात आणि ते मनापासून म्हणत असतात. त्याच खोलीत त्यांच्या बॅचमधल्या बायकाही असतात. त्या लगेच विरोध करत नाहीत. पण चहा होता होता होस्टेलच्या फाटकाची, गॅदरिंगच्या रात्रीची, डिसेक्शनच्या टेबलाची एखादी गोष्ट निघते, आणि या दोघांचे कॉलेज खरेच एक होते का, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतो.

पुढच्या पानांतल्या आठवणी त्या प्रश्नातून आल्या आहेत. त्या प्रस्तावनेतच सांगून टाकणे मला योग्य वाटत नाही. ज्यांच्या आहेत त्यांच्या तोंडूनच त्या वाचाव्यात. मला सांगायची आहे ती त्यांची पार्श्वभूमी, आणि अशा आठवणी आता, या वयात आणि या शहरात का लिहून ठेवायच्या, याचे माझे कारण.

बर्मिंगहॅमला या विषयाचा स्वतःचा इतिहास आहे. टाकाच्या पोलादी निबांच्या कारखानदारीत श्रीमंत झालेल्या जोसाया मेसन यांनी शहराच्या मध्यभागी मेसन सायन्स कॉलेज काढले. १८७५ मध्ये पायाभरणी झाली आणि १ ऑक्टोबर १८८० रोजी कॉलेज उघडले. ते पहिल्या दिवसापासून स्त्रियांनाही खुले होते. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये मुली स्वतंत्र घरांत राहून शिकत, पण पदवी त्यांना १९२० पर्यंत मिळाली नाही. केंब्रिजने तर १९४८ उजाडू दिले. मेसन कॉलेजातून वाढलेल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाला १९०० मध्ये सनद मिळाली तेव्हा स्त्रियांच्या पदव्यांबद्दल वेगळा झगडा करावा लागला नाही. या शहरात शिकलेल्या स्त्रीला कागदावर तरी मागल्या दाराने यावे लागले नाही.

मेसन कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी कॉन्स्टन्स नेडन हे नाव मला फार जवळचे वाटते. १८५८ साली इथल्याच एजबॅस्टनमध्ये जन्मलेली ही मुलगी १८८१ पासून तिथे वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र शिकली. ती कविता लिही, तत्त्वज्ञानावर निबंध लिही, उत्क्रांतीवर वाद घाली. १८८७-८८ मध्ये तिने पूर्वेकडचा मोठा प्रवास केला, त्यात ती भारतातही येऊन गेली. १८८९ च्या डिसेंबरात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. तिचा अर्धपुतळा कॉलेजने ठेवून घेतला आणि तो आजही विद्यापीठाकडे आहे. तिचे कॉलेज मात्र उरले नाही. चेंबरलेन चौकाजवळची ती गॉथिक धाटणीची इमारत १९६० च्या दशकात पाडली गेली. आपली मंडळी इथे येऊ लागली तोवर ती नाहीशी झाली होती.

प्रवेशाचा प्रश्न सुटला, तरी राहण्याचा उरतोच. सनदेनंतर चार वर्षांनी, १९०४ मध्ये, हॅगली रोडवरच्या एका घरात युनिव्हर्सिटी हाउस हे मुलींचे वसतिगृह सुरू झाले, आणि १९०८ मध्ये त्यासाठी एजबॅस्टनमध्ये खास इमारत उभी राहिली. त्याच्या पहिल्या वॉर्डन मार्जरी फ्राय. त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात गणित शिकल्या होत्या, १९१४ पर्यंत इथे राहिल्या आणि पुढे १९२६ मध्ये त्याच सॉमरव्हिलच्या प्राचार्य झाल्या. दूरच्या गावची मुलगी विद्यापीठात टिकते की नाही, हे वर्गात ठरण्याआधी तिला रात्री डोके टेकायला कुठे मिळते यावर ठरत असते. मुलींच्या होस्टेलात राहून शिकलेल्या आपल्या बायकांना हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक नाव इथे द्यायलाच हवे. हिल्डा लॉइड बर्मिंगहॅममध्येच जन्मल्या, इथल्याच विद्यापीठातून १९१६ साली डॉक्टर झाल्या, १९४० च्या दशकात इथेच प्रसूतिशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. १९४९ मध्ये त्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्सच्या अध्यक्ष झाल्या. ब्रिटनच्या कुठल्याही वैद्यकीय रॉयल कॉलेजच्या अध्यक्षपदी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. एमआरसीओजी परीक्षेसाठी रात्री जागवलेल्या आपल्या डॉक्टर बायकांनी ज्या संस्थेचे नाव पदवीपुढे लावले, तिच्या सर्वोच्च खुर्चीवर बसलेली पहिली बाई याच गावची होती. पदवी ते प्राध्यापकपद यांत जवळजवळ तीस वर्षे गेली, हेही तारखांतच दिसते. त्या वर्षांत वॉर्डात, मीटिंगांत, जेवणाच्या टेबलावर त्यांना काय ऐकावे लागले असेल, ते तारखा सांगत नाहीत.

बर्मिंगहॅम आणि मुंबई यांना जोडणारा धागा आपण समजतो त्यापेक्षा जुना आहे. एडिनबरा विद्यापीठात १८६९ मध्ये वैद्यक शिकायला गेलेल्या सात स्त्रियांत एडिथ पीची होत्या. रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्यांनी जे स्थान मिळवले त्यावर होप शिष्यवृत्ती त्यांची होती. त्या स्त्री असल्यामुळे ती एका मुलाला दिली गेली. विद्यापीठाने पुढे या सात जणींना त्यांच्या हयातीत पदवीही दिली नाही. हातात अधिकृत पदवी नसतानाच्या त्या काळात पीचीबाईंना काही दिवस काम मिळाले ते बर्मिंगहॅमच्या स्त्रियांच्या रुग्णालयात. १८७७ मध्ये त्यांनी डब्लिनहून अर्हता मिळवली आणि १८८३ च्या अखेरीस त्या मुंबईत उतरल्या. कामा हॉस्पिटलच्या उभारणीत आणि पहिल्या वर्षांत त्यांचा मोठा वाटा होता. नकोसे लग्न नाकारून न्यायालयात उभ्या राहिलेल्या रखमाबाईंना डॉक्टर होण्यासाठी इंग्लंडला पाठवणाऱ्यांतही त्या होत्या.

त्याच सुमारास, पुण्यात, डेक्कन कॉलेजात कॉर्नेलिया सोराबजी शिकत होत्या. नाशिकला जन्मलेली ही मुलगी त्या कॉलेजातली पहिली विद्यार्थिनी आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. गुणांवर त्यांना इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. मुलगी म्हणून ती नाकारली गेली. एडिनबऱ्यात जे पीचीबाईंचे झाले, तेच काही वर्षांनी पुण्यात झाले. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे जमवले तेव्हा कॉर्नेलिया १८८९ मध्ये सॉमरव्हिलला पोहोचल्या, कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली, आणि पदवी हातात पडायला १९२२ साल लागले.

डेक्कन कॉलेजच्या दप्तरात त्यांचे नाव असेल, वर्ग असेल, गुण असतील. वर्गातली मुले त्यांच्या तोंडावर दार लावून घेत, हे आपल्याला कळले ते त्यांनी स्वतः सांगितले म्हणून. मुलगी आली, परीक्षेला बसली, पास झाली, एवढे संस्थेचा कागद सांगतो. ती आल्यावर बाकीच्यांनी काय केले, हे लिहायला त्या कागदावर रकानाच नसतो. तेवढा भाग माणसांच्या आठवणीत राहतो आणि माणसांबरोबर जातो.

कमला सोहोनींचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. तेव्हाच्या कमला भागवत १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून उत्तम गुणांनी बी.एस्सी. होऊन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे गेल्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा प्रवेश मिळाला, पण तो वर्षभराच्या परीक्षणाच्या अटीवर. काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला. कमलाबाई केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या, तेही अशा विद्यापीठात जिथे त्या वर्षी स्त्रिया पूर्ण सदस्य नव्हत्या. कोणी ही गोष्ट सुखान्त म्हणून सांगेल: नोबेल मिळवलेला मोठा माणूस चुकला, मग सुधारला. पण १९९७ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे, भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या कार्यक्रमात कमलाबाई बोलल्या तेव्हा ती अट त्यांना अजून अपमान म्हणूनच आठवत होती. साठ वर्षे, देशोदेशीची मान्यता, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालकपद, इतके सगळे मधे येऊनही ती बोच गेली नव्हती. माझ्या मते त्यांनी ते त्या वयात बोलून दाखवले, हे त्यांच्या संशोधनाइतकेच आपल्यासाठी महत्त्वाचे काम आहे.

आता आपल्या पिढीकडे येतो. तोवर मुलींचे कॉलेजात असणे कुणाला नवल वाटत नव्हते. कायद्याने, नियमाने सगळे खुले होते. त्यामुळेच ‘भेदभाव नव्हता’ हे वाक्य इतक्या सहज येते. पण सत्तरीपुढच्या कुणालाही कॉलेजचा नकाशा काढायला सांगा. मुलगा कँटीन, मैदान, पोर्च, लायब्ररीमागचा कट्टा काढील. मुलगी आधी लेडीज रूम काढील. दोन तासांच्या मधला वेळ तिथे जायचा, डबा तिथे खायचा, मासिक पाळीची अडचण तिथे निभवायची, आणि कितीतरी कॉलेजांत प्राध्यापक वर्गाकडे निघाले की त्यांच्या मागोमाग मुलींनी रांगेने आत जायचे. बसायचे पुढच्या बाकांवर, तास संपला की प्राध्यापकांबरोबरच बाहेर. ही पद्धत पुष्कळ बायका मायेनेही आठवतात. लेडीज रूममध्ये झालेल्या मैत्री पन्नास वर्षे टिकल्या आहेत. ती खोली आसरा होती. उरलेले कॉलेज आपले नाही, याची रोजची आठवणही तीच होती. दोन्ही खरे आहे.

निवडणुकीचेही तसेच. जी.एस., म्हणजे जनरल सेक्रेटरी, मुलगा. मुलींसाठी एल.आर., म्हणजे लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह. सगळ्या कॉलेजचा प्रतिनिधी मुलगा आणि मुलींची प्रतिनिधी मुलगी, ही वाटणी कुणी लिहून ठेवली नव्हती, तरी फार थोड्यांनी मोडली. गॅदरिंगमध्ये फिशपॉन्डच्या चिठ्ठ्या वाचल्या जात. मुलांवरच्या चिठ्ठ्या त्यांच्या आळसावर, परीक्षांवर, सिगारेटींवर असत. मुलींवरच्या त्यांच्या चालण्यावर, रंगावर, अंगावर, आणि कोणाबरोबर दिसली यावर. चिठ्ठी लिहिणाऱ्याचे नाव नसे, जिच्यावर लिहिली तिचे अख्ख्या हॉलला कळे. त्या रात्री सगळे हसले, हे मुलांना आठवते. पुढच्या वर्षी गॅदरिंगला न गेलेली मुलगीही कुणाला तरी आठवत असेल.

मेडिकलचे वेगळेच. ‘एका मुलाची सीट अडवलीस, उद्या लग्न करून घरी बसशील’ हे वाक्य मेडिकलला गेलेल्या मुली पिढ्यान्‌ पिढ्या ऐकत आल्या. बोलणारे कधी नातेवाईक, कधी सहाध्यायी, कधी तासाला उभे राहून शिकवणारे सर. सर्जरी नको, गायनॅक घे, फार तर पीडिएट्रिक्स, हा सल्ला काळजीपोटी दिला जाई आणि त्या काळजीत कितीतरी जणींच्या इच्छा विरून गेल्या. इंजिनिअरिंगला तर मुली हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधून १९५३ मध्ये शकुंतला भगत स्थापत्य अभियंता झाल्या आणि पुढे त्यांनी पूल बांधले, तरी त्यांच्यानंतरही बराच काळ वर्कशॉपच्या इमारतीत मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, हे विचारावे लागत असे.

मग इंग्लंड. नवरा-बायको दोघे डॉक्टर, दोघे एकाच बॅचचे, आणि सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या. नवऱ्याची पोस्ट जिथे मिळेल तिथे बिऱ्हाड हलायचे, बायकोने त्या गावात मिळेल ते काम धरायचे. १९७५ मध्ये जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली, आणि नंतर आलेल्यांना परीक्षेची पायरी चढावी लागली. लहान मूल पदरात असताना ती पायरी आधी कोणी चढायची, हे बहुतेक घरांत चर्चेशिवाय ठरले.

याचा परिणाम एका साध्या ठिकाणी दिसतो: बॅचच्या यादीत. रियुनियन ठरले की जुने हजेरीपट काढले जातात, पत्ते शोधले जातात. मुले सापडतात, कारण त्यांची नावे तीच आहेत. मुलींची आडनावे बदललेली, कित्येकींची पहिली नावेही सासरी बदललेली, त्यामुळे त्या सापडतच नाहीत. ‘गोऱ्यांची ती हुशार मुलगी, दुसरी आली होती बघ’ एवढाच धागा उरतो. जी येते, ती कित्येकदा कुणाची मिसेस म्हणून येते, जरी ती त्याच वर्गात, त्याच्या दोन बाके पुढे बसलेली असली तरी. मला ही यादी या सगळ्या विषयातली सर्वांत दुःखाची वस्तू वाटते. वर्गात हजर असलेली मुलगी पन्नास वर्षांनी त्याच वर्गाच्या स्मरणातून गळून पडते, आणि यात कोणाचाही वाईट हेतू नसतो.

या पानांत पुरुषांच्याही आठवणी आहेत. पुरुषांनी त्या का लिहाव्यात, याचे उत्तर मला बर्मिंगहॅम विद्यापीठातच सापडले. १९६४ मध्ये रिचर्ड हॉगार्ट यांनी तिथे समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र सुरू केले. पुढे स्टुअर्ट हॉल त्याचे संचालक झाले. पुरोगामी, डाव्या विचारांचे, एकत्र वाचणारे, एकत्र लिहिणारे असे ते वर्तुळ होते. तरी १९७४ मध्ये तिथल्या विद्यार्थिनींना वेगळा गट करावा लागला आणि १९७८ मध्ये त्यांनी ‘विमेन टेक इश्यू’ हे पुस्तक काढले. बऱ्याच वर्षांनी, १९९० मध्ये, अमेरिकेतल्या एका परिषदेत हॉल यांनी त्या दिवसांबद्दल मोकळेपणाने सांगितले. स्त्रीवादाला आपणच आमंत्रण दिले होते असे त्यांना वाटत होते; पण तो आला तो स्वतःच्या अटींवर, आणि तेव्हा स्वतःला चांगले, बदललेले पुरुष समजणाऱ्या सगळ्यांनी आतून विरोध केला, हे त्यांनी मान्य केले. प्रश्न कोणी काय वाचायचे आणि सत्ता कोणाची, इथवर आला होता. त्याच गटातल्या शार्लट ब्रन्सडन यांनी १९९६ मध्ये तोच काळ आपल्या बाजूने लिहिला. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले म्हणजे एका खोलीतली दोन कॉलेजे दिसतात. असे लेखन मराठीत आपण केलेले नाही. आपल्या कॉलेजांच्या शताब्दी अंकांत पुरुष गौरव लिहितात, स्त्रिया कृतज्ञता.

हॉल यांच्या केंद्रातून १९८२ मध्ये आणखी एक पुस्तक आले, ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’. त्यात हेझल कार्बी यांनी गोऱ्या स्त्रीवाद्यांनाच जाब विचारला आणि प्रतिभा परमार यांनी ब्रिटनमधल्या आशियाई स्त्रियांच्या लढ्यांवर लिहिले. स्त्रियांची जागा म्हणताना कोणत्या स्त्रिया, हा तो प्रश्न होता. आपल्यालाही तो टाळता येणार नाही. इथे आलेली मराठी डॉक्टर-इंजिनिअर मंडळी बहुतांशी ठरावीक जातींतली आणि शहरांतली होती. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पहिल्या पिढीत शिकलेल्या मुलींचा लेडीज रूमचा अनुभव वेगळा होता, आणि सदाशिव पेठेतून फर्ग्युसनला चालत जाणाऱ्या मुलीपेक्षा त्यांची वाट खूप लांबची होती. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिले, तेव्हा त्या आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांच्या घरी जाऊन बसल्या, त्यांचे बोलणे टिपून घेतले. कागदावर नसलेला इतिहास कसा गोळा करायचा, याचा धडा मराठीत तेव्हाच घालून दिला गेला आहे. आपण उशिरा गिरवतो आहोत.

म्हणून या पानांची रचना अशी आहे. शक्य तिथे एकाच कॉलेजातल्या, जवळपासच्या वर्षांच्या एका स्त्रीची आणि एका पुरुषाची आठवण लागोपाठ ठेवली आहे. जिथे त्या जुळत नाहीत, तिथे जुळवलेल्या नाहीत. कोण बरोबर, यावर टीपही दिलेली नाही. नवरा-बायको दोघांनी लिहिले असेल तर एकाने दुसऱ्याचे छपाईआधी वाचू नये, अशी विनंती केली होती. प्रत्येक स्त्रीच्या मजकुरावर आधी हजेरीपटावरचे माहेरचे नाव छापले आहे आणि त्याखाली आताचे, म्हणजे तिची जुनी मैत्रीण हे पुस्तक हातात घेईल तेव्हा तिला ती ओळखता येईल. ज्यांना नाव नको होते त्यांच्या मजकुरावर फक्त कॉलेज आणि बॅचचे वर्ष आहे.